क्राफ्ट बिअरच्या महोत्सवात चव कशी घ्यावी: पुणेकरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

पबमध्ये भरणाऱ्या बिअर महोत्सवात एका संध्याकाळी बारा-पंधरा टॅप (वेगवेगळ्या बिअरच्या तोट्या) समोर असतात, आणि चव नीट ओळखण्याची नाकाची व जिभेची ताकद मात्र सहा-सात नमुन्यांपुरतीच टिकते. त्यानंतर जे पोटात जाते ते प्यायलेले असते, चाखलेले नसते. म्हणून कोणते सहा नमुने घ्यायचे, ते कोणत्या क्रमाने घ्यायचे आणि प्रत्येकाबद्दलचे आपले मत कधी ठरवायचे, एवढ्या तीन गोष्टींवर संध्याकाळचे यश अवलंबून असते.

पुणेकरांना या सुखासाठी लांब जावे लागत नाही. २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेली डूलाली ही देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी (लहान प्रमाणावर बिअर बनवणाऱ्यांपैकी) एक. तिच्यामागून इंडिपेंडन्स, एफिंगट, ग्रेट स्टेट एल वर्क्स अशी नावे आली आणि मध आंबवून मीड तयार करणारी मूनशाइन मीडरीही याच परिसरातली. यांतल्या काहींची बिअर त्यांच्या स्वतःच्या पबमध्ये मिळते, तर काहींची केगमधून, म्हणजे धातूच्या पिंपांतून, इतरांच्या टॅपवर पोहोचते, आणि महोत्सवात या दोन्ही प्रकारच्या बिअर शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येते.

दिवस, वेळ आणि कागदपत्रे

महोत्सव दोन-तीन दिवसांचा असेल तर पहिला दिवस निवडावा, आणि त्या दिवसातलेही पहिले दोन तास. केग नुकतेच उघडलेले असतात, ग्लास धुऊन निथळलेले असतात, बिअर बनवणारा ब्रूअर स्वतः टॅपमागे उभा असण्याची शक्यता असते आणि संगीताचा आवाज अजून बोलता येण्याजोगा असतो. रात्री नऊनंतर यांपैकी एकही गोष्ट हमखास मिळत नाही.

तारीख ठरवताना ‘ड्राय डे’ पाहणे आवश्यक आहे. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्यदिन आणि गांधी जयंती सर्वांना ठाऊक असतात. परंतु पुण्यात गणेशोत्सवातील काही दिवसांसाठी जिल्हाधिकारी वेगळे आदेश काढतात आणि निवडणुकीचे मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तासही विक्री बंद असते. शनिवारचा उपवास करणाऱ्यांनी रविवारचे तिकीट काढावे, कारण रिकाम्या पोटी चाखायला जाणे हा या संपूर्ण खटाटोपातला सर्वांत वाईट निर्णय ठरतो.

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१ वर्षे आहे; कडक मद्यासाठी ते २५ आहे. प्रवेशद्वाराशी वयाचा पुरावा मागितला जातो आणि मे २०२४ मधल्या कल्याणीनगरच्या अल्पवयीन मोटारचालकाच्या अपघातानंतर ही तपासणी शहरात अधिक चर्चेचा विषय झाली आहे. केस पिकलेले आहेत म्हणून आपल्याला कोण विचारणार, असे न म्हणता ओळखपत्र सोबत ठेवावे. याशिवाय १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार राज्यात मद्यसेवनासाठी परवाना लागतो. तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो आणि एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीवन असा घेता येतो. तिकीट काढतानाच एक दिवसाच्या परवान्याची सोय आयोजकांनी केली आहे का, हे विचारून घ्यावे.

तिकिटाच्या बाबतीत एकच गोष्ट तपासावी: त्यात किती कुपने आहेत आणि प्रत्येक कुपनावर किती मिलिलिटर मिळणार आहे. ‘अमर्याद’ असे लिहिलेले तिकीट स्वस्त वाटते, पण ते घेणारा माणूस पैसे वसूल करण्याच्या मागे लागतो. मोजकी कुपने देणारे तिकीट चाखण्यासाठी नेहमी चांगले.

निघण्यापूर्वी

दुपारी व्यवस्थित जेवावे. वरणभात, पोळीभाजी, पिठले-भाकरी, काहीही चालेल. पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि थोडे तूप पोटात असले की अल्कोहोल रक्तात सावकाश मिसळते. जेवणात लसूण आणि ठेचा मात्र त्या दिवसापुरता हात राखून घ्यावा, कारण त्यांची चव तोंडात तासन्‌तास रेंगाळते. पान, तंबाखू, पुदिन्याची गोळी आणि जेवणानंतरची बडीशेप या चारही गोष्टी टाळाव्यात.

अत्तर, परफ्यूम, उग्र वासाचे केसांचे तेल लावून जाऊ नये. बिअरची चव म्हणून आपल्याला जे जाणवते, त्यातला मोठा वाटा प्रत्यक्षात वासाचा असतो, आणि आपल्या अंगाचा दरवळ शेजाऱ्याच्याही ग्लासात उतरतो. लिपस्टिक लावणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना अशी की कोणताही स्निग्ध पदार्थ ग्लासच्या काठाला लागला की फेस झपाट्याने बसतो, तेव्हा ती पुसून घेतलेली बरी. सर्दी झाली असेल तर तिकीट मित्राला देऊन टाकावे. कोणतेही औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये, आणि गरोदरपणात अर्थातच नाही.

परतीची व्यवस्था निघण्यापूर्वीच ठरवावी, कारण तिथे गेल्यावर ठरवणारा माणूस वेगळा असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. ही मर्यादा किती कमी आहे, याची कल्पना बहुतेकांना नसते. दुचाकी घरीच ठेवावी. ‘फक्त चाखायलाच तर जातोय’ हे कारण रात्री अकरा वाजता नाकाबंदीत उपयोगी पडत नाही. कोथरूडकरांसाठी वनाझ ते रामवाडी ही मेट्रो मार्गिका सोयीची आहे, कारण ती कल्याणीनगरला थेट पोहोचवते. शेवटच्या गाडीची वेळ मात्र पाहून ठेवावी. मुंढवा किंवा बालेवाडीसाठी रिक्षा अथवा कॅब हाच खरा पर्याय.

अल्कोहोलचा हिशेब

सहा नमुने म्हणजे नेमके किती, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. ९० मिलिचे सहा नमुने म्हणजे ५४० मिलि बिअर. तिची सरासरी तीव्रता ५ टक्के धरली तर २७ मिलि शुद्ध अल्कोहोल होते, म्हणजे वजनाने सुमारे २१ ग्रॅम. निरोगी शरीर ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल पचवते, तेव्हा एवढे पचायला दोन ते तीन तास लागतात. हेच नमुने पाऊण तासात संपवले तर रक्तातले प्रमाण कायद्याच्या मर्यादेपलीकडे सहज जाऊ शकते. दुसरीकडे, ८ टक्के तीव्रतेच्या बिअरचा ३३० मिलिचा एकच ग्लास घेतला तरी २६ मिलि अल्कोहोल पोटात जाते, म्हणजे जवळजवळ सहा नमुन्यांइतके. म्हणूनच फलकावर नावाशेजारी लिहिलेला ‘एबीव्ही’चा, म्हणजे अल्कोहोलच्या टक्केवारीचा, आकडा नावाइतक्याच लक्षपूर्वक वाचावा.

एका तासाला दोन नमुने, प्रत्येक नमुन्यानंतर तेवढेच पाणी, आणि न आवडलेली बिअर उरली तर ती ओतून टाकणे, ही शिस्त पुरेशी आहे. ओतून टाकण्यासाठी बादली ठेवलेली असते आणि तिचा वापर केल्याने कुणाचाही अपमान होत नाही. ‘पैसे दिले आहेत, संपवलेच पाहिजे’ हा पुणेरी हिशेब इथे उलटा पडतो: न आवडलेले संपवण्यात पुढच्या चांगल्या नमुन्याची चव खर्ची पडते.

आत गेल्यावर पहिली पंधरा मिनिटे

आत गेल्यावर लगेच ग्लास हातात घेऊ नये. सर्व टॅप पाहत एक फेरी मारावी, फलकाचा मोबाइलवर फोटो काढावा आणि त्यातून सहा नावे निवडावीत. दोन ओळखीच्या शैलींच्या, तीन अनोळखी आणि एक अशी जी एरवी आपण कधीच मागवणार नाही, हे प्रमाण मला योग्य वाटते. सगळेच नवे घेतले तर तुलनेला आधार उरत नाही.

मग क्रम लावावा. सर्वसाधारण नियम हलक्याकडून भारीकडे असा आहे: आधी लागर, कोल्श किंवा ब्लाँड या हलक्या, फिक्या बिअर, मग गव्हाच्या बिअर, म्हणजे जर्मन हेफेवायझन किंवा बेल्जियन विटबिअर, त्यानंतर आंबट प्रकार, मग पेल एल आणि आयपीए (इंडिया पेल एल) या कडवट बिअर, शेवटी पोर्टर, स्टाउट या गडद बिअर आणि ८ टक्क्यांच्या पुढचे सगळे. मीड असेल तर तिच्या गोडव्यामुळे ती सर्वांत शेवटी ठेवावी. याचे कारण साधे आहे. हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडवटपणा जिभेवर साचत जातो. दोन आयपीए झाल्यावर घेतलेली उत्तम लागर पाण्यासारखी लागते आणि तिला विनाकारण नावे ठेवली जातात. कडवटपणासाठी ‘आयबीयू’ हे एकक वापरतात. हेफेवायझनमध्ये ते ८ ते १५ असते, आयपीएमध्ये ४० ते ७०. फलकावर हा आकडा दिला असेल तर क्रम लावणे आणखी सोपे होते. मात्र नियम आंधळेपणाने पाळू नये: साडेचार टक्क्यांची सौम्य स्टाउट दिसायला काळी असली तरी अधिक तीव्र अशा डबल आयपीएच्या आधीच घ्यावी. रंगावरून तीव्रता ठरवणे ही पबमधली सर्वांत लोकप्रिय गैरसमजूत आहे.

एक नमुना कसा चाखावा

ग्लास हातात आल्यावर प्रथम तो उजेडासमोर धरावा. काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर ग्लास नीट धुतलेला नाही. शांतपणे दुसरा मागावा. स्वच्छ ग्लासात बुडबुडे वर जातात आणि फेस खाली उतरताना काचेवर जाळीदार कडी सोडतो. गढूळपणा हा दोष आहे की गुण, ते शैलीवर ठरते: हेफेवायझन आणि न्यू इंग्लंड पद्धतीची आयपीए गढूळच असते, लागर मात्र नितळ हवी. गव्हातील प्रथिनांमुळे हेफेवायझनचा फेस जाड असतो आणि बराच वेळ टिकतो. तो दोन मिनिटांत नाहीसा झाला तर काहीतरी बिघडले आहे.

यानंतर वास, आणि इथे घाई करू नये. ग्लास हलकेच फिरवून दोन-तीन छोटे श्वास घ्यावेत; एकच दीर्घ श्वास घेतला की नाक लवकर थकते. हेफेवायझनमध्ये पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण त्यात केळेही नसते आणि लवंगही नसते. आयसोअमाइल अॅसिटेट आणि ४-व्हिनाइल ग्वायकोल ही दोन संयुगे यीस्ट आंबवण्याच्या काळात तयार करते. विटबिअरमध्ये मात्र संत्र्याची साल आणि धणे प्रत्यक्ष घातलेले असतात, आणि धण्याचा वास ओळखण्यात मराठी नाकाचा हात कुणी धरू शकणार नाही. आयपीएमध्ये आंबा, मोसंबी, पाइन असे वास येतात ते हॉप्सच्या तेलांमुळे. स्टाउटमधला कॉफीचा आणि कडू चॉकलेटचा वास खरपूस भाजलेल्या बार्लीचा असतो. वासाला नाव सुचत नसेल तर स्वयंपाकघरातले काहीही नाव द्यावे. ‘गुळाच्या पाकाजवळचा’, ‘ताकासारखा’, ‘भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलाचा’ ही वर्णने परदेशी फळांच्या उसन्या नावांपेक्षा अधिक नेमकी असतात, कारण ती आपल्या आठवणीतून आलेली असतात.

पहिला घोट तोंड धुतल्यासारखा मानावा आणि त्यावरून मत बनवू नये. दुसरा घोट जिभेवर सगळीकडे फिरवून गिळावा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडावा. घशामागून नाकात जाणारा हा वास म्हणजेच चवीचा खरा तपशील. मग दहा सेकंद थांबावे: कडवटपणा किती वेळ रेंगाळतो, तोंड कोरडे पडते का, पुढचा घोट घ्यावासा वाटतो का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बाकी सगळ्या उत्तरांपेक्षा महत्त्वाचे आहे.

बिअर फारच थंड असेल तर ग्लास तळहातांत धरून दोन मिनिटे थांबावे. लागर ४ ते ७ अंशांवर चांगली लागते, बहुतेक एल ७ ते १० अंशांवर, आणि स्टाउट १० ते १३ अंशांवर खुलते. आपल्याकडे सगळ्याच बिअर बर्फासारख्या थंड देण्याची पद्धत आहे आणि त्यामुळे बिचाऱ्या स्टाउटची अर्धी ओळख दडून राहते.

मत लगेच लिहावे, आणि ते मित्रांशी बोलण्यापूर्वी व टॅपखालचे वर्णन वाचण्यापूर्वी लिहावे. कार्डावर ‘पॅशनफ्रूट’ वाचल्यानंतर प्रत्येकाला पॅशनफ्रूटच लागते, ते फळ आयुष्यात न पाहिलेल्यालासुद्धा. मोबाइलवर तीन ओळी पुरतात: वास, चव, आणि पूर्ण ग्लास घेईन की नाही.

दोष ओळखणे

एखादी बिअर आवडली नाही, तर ती शैली आपल्याला रुचत नाही की बिअरच बिघडली आहे, हा फरक ओळखता आला पाहिजे. चार-पाच खुणा लक्षात ठेवल्या तर पुरते. पॉपकॉर्नवरच्या लोण्यासारखा वास आणि जिभेवर बुळबुळीतपणा म्हणजे डायअॅसिटिल हे संयुग. यीस्टला काम पुरे करायला वेळ मिळाला नाही किंवा टॅपची नळी अस्वच्छ आहे. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड) या संयुगामुळे येतो. तो माल्टमधून, म्हणजे अंकुरवून वाळवलेल्या धान्यातून, येतो आणि बिअरचा काढा पुरेसा खळखळून उकळला गेला नाही तर राहून जातो. हिरव्या, कच्च्या सफरचंदाचा वास घाईने पिंपाबाहेर काढलेल्या बिअरला येतो. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे बिअरला हवा लागली आहे किंवा ती शिळी झाली आहे. व्हिनेगरसारखा आंबटपणा, तोही आंबट शैली नसताना, म्हणजे जंतुसंसर्ग. पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीतल्या बिअरला उन्हामुळे उग्र वास लागतो. केगमधल्या बिअरला ही बाधा सहसा होत नाही.

दोष आढळला तर टॅपवरच्या माणसाला हलक्या आवाजात सांगावे. ‘ही खराब आहे’ असे म्हणण्यापेक्षा ‘मला यात लोण्याचा वास येतो आहे, आपण बघता का?’ असे विचारले तर चांगला ब्रूअर स्वतः चाखून पाहतो आणि बहुधा दुसरा नमुना देतो.

स्थानिक घटकांच्या बिअर

पुण्यातल्या महोत्सवात सर्वांत जास्त गर्दी कोकम, हापूस, जांभूळ, गूळ, कॉफी असे घटक घातलेल्या टॅपपुढे होते. ग्रेट स्टेटची कोकम घातलेली खारट-आंबट बिअर हे या प्रकाराचे चांगले उदाहरण आहे. तिच्यामागे गोझ नावाची जुनी जर्मन शैली आहे, ज्यात मीठ आणि धणे असतात आणि लॅक्टिक आम्लाचा आंबटपणा असतो. त्या जागी कोकम सहज सामावते. अशा बिअरचे मूल्यमापन करताना मी एकच कसोटी लावतो: फळ बाजूला केले तर खाली बिअर उरते का? सरबतात अल्कोहोल घातल्यासारखी चव लागली तर घटक कितीही आपल्या मातीतला असला तरी गुण कमीच द्यावेत. आंब्याच्या बाबतीत अपेक्षाभंग होण्याची शक्यता अधिक असते, कारण आंब्यातली साखर यीस्ट खाऊन टाकते आणि हापूसचा गोडवा गेल्यावर मागे फक्त त्याचा पुसट वास उरतो. ताज्या आंब्याचा घमघमीत स्वाद लागलाच, तर तो आंबवणे पूर्ण झाल्यावर वेगळा घातलेला असण्याची दाट शक्यता आहे, आणि ब्रूअरला विचारण्याजोगा हा उत्तम प्रश्न आहे.

विचारण्याजोगे आणखी दोन प्रश्न आहेत: ही बिअर केगमध्ये कधी भरली, आणि हॉप्स कोणते वापरले? पहिल्याचे उत्तर आयपीएच्या बाबतीत निर्णायक असते, कारण हॉप्सचा सुवास काही आठवड्यांत उतरतो. ब्रूअरच्या मागे रांग लागली असेल तर मात्र प्रश्न आवरते घ्यावेत.

सोबत काय खावे

चाखत असताना साधा पाव, बिनमसाल्याचा खाकरा, मीठ कमी असलेले शेंगदाणे यांपलीकडे जाऊ नये. मसाला पापड, चिली चिकन, शेव-फरसाण हा नेहमीचा चखणा इथे घातक आहे: हॉप्सचा कडवटपणा तिखटाची आग वाढवतो आणि तिखट जिभेला सूक्ष्म चवी कळत नाहीत. सहा नमुने संपल्यावर हवे ते मागवावे. तेव्हा जोडी जुळवायची असेल तर तळलेल्या बोंबलाबरोबर नितळ लागर, वड्याबरोबर गव्हाची बिअर आणि चॉकलेट केकबरोबर स्टाउट घेऊन पाहावी. तिखट मटणाबरोबर आयपीए सुचवणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते तिथे किंचित गोडसर माल्टची अंबर एल अधिक समंजस ठरते.

महोत्सवानंतर

घरी आल्यावर पाणी पिऊन झोपावे आणि टिपणे दुसऱ्या दिवशी वाचावीत. त्यांत ‘पूर्ण ग्लास घेईन’ असा शेरा मिळालेल्या बिअर बहुधा दोनच असतात. आठवड्याभरात त्या जिथे बनतात त्या पबमध्ये जाऊन, दुसरे काहीही न घेता, त्यांतल्या एकीचा पूर्ण ग्लास मागवावा. ९० मिलिच्या नमुन्यात भडक, गोड आणि उग्र बिअरला नेहमी फायदा मिळतो, कारण तिला दोन घोटांतच छाप पाडायची असते. तीच बिअर ५०० मिलिच्या ग्लासात अर्ध्यावर नकोशी होऊ शकते. याउलट, महोत्सवात ‘साधी’ असा शेरा मिळालेली कोल्श चौथ्या घोटापासून आवडू लागते. म्हणून टिपणात एक रकाना पूर्ण ग्लासानंतरच्या मतासाठी मोकळा ठेवावा. निघण्यापूर्वी फोन करून ती बिअर टॅपवर आहे का ते विचारावे. महोत्सवासाठी केलेल्या बिअर अनेकदा एकाच पिंपापुरत्या असतात आणि ते संपले की टॅपवर दुसरीच लागते.